टोपी मिळेपर्यंत

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. असरची नमाज होऊन ऊन उतरले होते. मी अंगणात पाणी मारत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई दारात येऊन उभी राहिली. मुलगा आठवी पास होऊन नववीत जाणार होता. त्याची मोठी बहीण नुकतीच बारावी सायन्सला चांगल्या गुणांनी पास झालेली. घरधन्याचे सिरसाळ्यात मोटारसायकल दुरुस्तीचे छोटे गॅरेज. पाणी घेतले, पदराने तोंड पुसले आणि बाई म्हणाल्या, "मॅडम, इसके अब्बा बोलते, बच्चे को पुना भेजना, अकॅडमी में. सब लोगां बोलते, तुम्हारा बच्चा इंडिया खेलता."

"मग चांगलेच आहे की," मी म्हटले.

"पैसे?" त्या म्हणाल्या. "इसकी आपा के अ‍ॅडमिशन के रखे सो, वो."

मी गप्प झाले. मुलगा खेळतो चांगला, हे मलाही माहीत होते. ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या मॅचेस होतात. तिथे त्याला बघायला मोठी माणसे थांबतात. पण 'इंडिया खेलता' हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो! मी भाषा शिकवणारी बाई, क्रिकेटची जाणकार नाही. बाईंना म्हटले, "मला पंधरा दिवस द्या. तोवर पैशांना हात लावू देऊ नका." त्या पंधरा दिवसांत जे वाचले, विचारले आणि समजले, ते आज वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवते आहे. असे एखादे मूल बहुतेक प्रत्येक मोहल्ल्यात असते.

'अनकॅप्ड' म्हणजे कोण?

आयपीएलचा लिलाव टीव्हीवर चालू असला की एक शब्द सारखा कानावर पडतो, 'अनकॅप्ड'. म्हणजे ज्याला देशाची टोपी अजून मिळालेली नाही असा खेळाडू. ही चाल इंग्लंडची. एकोणिसाव्या शतकात तिथे फुटबॉल आणि रग्बी खेळताना आपला गडी ओळखू यावा म्हणून एका बाजूचे खेळाडू एकसारख्या टोप्या घालत. पुढे देशाकडून खेळणाऱ्याला मानाने टोपी देण्याची रीत पडली आणि ती क्रिकेटमध्येही आली. आज भारताकडून पहिला सामना खेळणाऱ्याला मैदानावर, सगळ्या संघासमोर, एखादा जुना खेळाडू टोपी देतो. त्या टोपीवर नंबर असतो आणि तो नंबर पुन्हा दुसऱ्या कोणाला मिळत नाही.

या नंबरांचा हिशेब मी फळ्यावर मांडून पाहिला. भारताच्या पुरुष संघाने पहिली कसोटी १९३२ साली लॉर्ड्सवर खेळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोटला सर्फराझ खानला कसोटीची टोपी मिळाली, तिचा नंबर ३११. म्हणजे ९२ वर्षांत ३११ माणसे, वर्षाला साडेतीनही नाहीत. दुसऱ्या बाजूला रणजी करंडकात ३८ संघ आहेत. प्रत्येकी पंधरा धरले तरी पावणेसहाशेच्या आसपास खेळाडू होतात, आणि ते सगळे आपापल्या राज्यातून चाळणी होऊन आलेले असतात. एकदिवसीय आणि ट्वेन्टी-२० च्या टोप्या वेगळ्या असतात, त्यामुळे दार थोडे रुंद झाले आहे. तरीही ते दारच आहे, वेस नव्हे.

बीडचा सचिन

दुसऱ्या दिवशी मी गॅरेजवर गेले. मुलाच्या वडिलांनी हात पुसले, स्टूल पुढे केला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मॅडम, वो सचिन धस भी तो अपने बीड का है ना?"

खरे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत १९ वर्षांखालील विश्वचषक चालू होता. बेनोनीला उपांत्य सामन्यात भारतापुढे २४५ धावांचे लक्ष्य होते आणि ३२ धावांत चार गडी बाद झाले होते. तिथून कर्णधार उदय सहारन आणि बीडचा सचिन धस यांनी १७१ धावांची भागीदारी केली. सचिन ९६ धावांवर बाद झाला, पण भारत अंतिम फेरीत गेला. त्याआधी नेपाळविरुद्ध त्याने ११६ धावा केल्या होत्या. त्या आठवड्यात बीड जिल्ह्याचे नाव दुष्काळ आणि ऊसतोड सोडून दुसऱ्या कारणाने देशभर छापून आले. आमच्या शाळेतल्या मुलांनी ते कात्रण काचेच्या फळ्यात लावले होते.

सचिनचे वडील संजय धस आरोग्य खात्यात, आई सुरेखा धस पोलीस खात्यात अधिकारी. दोघेही खेळात रमलेले. त्याला घडवणारे बीडचे प्रशिक्षक शेख अझहर. बीडमध्ये पूर्ण लांबीच्या टर्फ खेळपट्टीची सोय नव्हती, म्हणून अर्ध्या खेळपट्ट्या तयार करून त्यावर सराव झाला. त्यासाठी वडिलांनी कर्ज काढले. आपल्याकडे माणसांना प्यायला पाणी नसते, तिथे खेळपट्टी ओली ठेवायला टँकर मागवावा लागे. हे सगळे मी त्या भाईंना सांगितले तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "देखो, कर्जा निकाले ना उन्होंने भी!"

"काढले," मी म्हटले, "पण भाई, त्या घरात दोन पगार होते. कर्ज बुडाले असते तरी चूल बंद पडली नसती. आणि दुसऱ्या लेकराच्या शिक्षणाचे पैसे त्यात गेले नव्हते."

आपण कुणाच्याही यशाची गोष्ट ऐकतो तेव्हा कर्ज काढल्याचे आठवते, पण खाली अंथरलेली सतरंजी आपल्याला दिसत नाही. धस कुटुंबाची मेहनत त्याने तसूभरही कमी होत नाही. फक्त नक्कल करताना पूर्ण हिशेब पाहावा, एवढेच.

आणखी एक गोष्ट त्या भाईंना ठाऊक नव्हती. सचिन धस अजून 'अनकॅप्ड'च आहे. १९ वर्षांखालच्या संघाचा मान मोठा, पण ती देशाच्या मुख्य संघाची टोपी नव्हे. पुढे तो महाराष्ट्राकडून रणजी खेळू लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईविरुद्ध पहिल्या डावात महाराष्ट्राचा संघ १२६ धावांत गडगडल्यावर दुसऱ्या डावात त्याने ९८ धावा केल्या. दोन धावांनी शतक हुकले. तो अजून रांगेत उभा आहे आणि त्याच्यासारखे कितीतरी.

मुंबईचे दोन भाऊ

त्याच विश्वचषकात सचिनच्या बरोबर मुशीर खान खेळत होता. दोघांचाही जन्म फेब्रुवारी २००५ चा. मुशीरने त्या स्पर्धेत दोन शतके केली. परत आल्यावर त्याच महिन्यात रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध नाबाद २०३, मार्चमध्ये वानखेडेवर विदर्भाविरुद्धच्या अंतिम सामन्यात १३६, आणि सप्टेंबरमध्ये दुलीप करंडकात १८१. लोक म्हणू लागले, आता याला कोण अडवणार? त्याच महिन्याच्या शेवटी इराणी सामन्यासाठी वडिलांबरोबर लखनौला जाताना त्यांच्या गाडीला अपघात झाला. मानेला दुखापत झाली आणि कित्येक महिने तो मैदानाबाहेर राहिला. जीव वाचला, ही अल्लाहची मेहरबानी. पण खेळाडूच्या आयुष्यात एक हंगाम जाणे काय असते, ते त्यालाच ठाऊक.

मुशीरचा मोठा भाऊ सर्फराझ. वडील नौशाद खान हेच दोघांचे उस्ताद. सर्फराझने बारा वर्षांचा असताना, २००९ साली, हॅरिस शील्डमध्ये ४३९ धावा केल्या. २०१४ मध्ये प्रथम श्रेणीत आला. २०१९-२० च्या रणजी हंगामात ९२८ आणि २०२१-२२ मध्ये ९८२ धावा केल्या. दर वेळी संघ जाहीर होई आणि त्याचे नाव नसे. अखेर १५ फेब्रुवारी २०२४ ला अनिल कुंबळेंच्या हातून टोपी मिळाली. नौशादभाईंनी ती टोपी ओठांना लावली आणि त्यांना रडू आवरेना, हे सगळ्या देशाने पाहिले. माझ्या घरात त्या दिवशी सगळ्यांचे डोळे ओले झाले होते.

त्या सामन्यात सर्फराझने दोन्ही डावांत अर्धशतक केले. ऑक्टोबरमध्ये बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध १५० धावा केल्या. तरीही पुढच्या वर्षी इंग्लंडला गेलेल्या संघात त्याचे नाव नव्हते. टोपी मिळाली म्हणजे मंजिल आली, असे ज्यांना वाटते त्यांनी हेही लक्षात ठेवावे. टोपीनंतरही रांग असते.

ज्यांना मिळालीच नाही

क्रिकेटची जुनी माणसे पद्माकर शिवलकर यांचे नाव आजही आदराने घेतात. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी. पण त्यांच्या काळात त्याच जागेवर बिशनसिंग बेदी होते आणि शिवलकरांना कसोटी एकही मिळाली नाही. २०१७ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. मार्च २०२५ मध्ये ते गेले.

दुसरे अमोल मुजुमदार. शारदाश्रम शाळेकडून १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढच्या नंबरचा हा मुलगा पॅड बांधून बसून होता. रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० धावा केल्या. कारकिर्दीत ११,१६७ धावा आणि ३० शतके. मधल्या फळीत त्या काळी तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण. जागा रिकामी झालीच नाही. मुजुमदारांनी खेळ सोडला नाही. शिकवायला लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक उचलला, तेव्हा स्वतः भारताकडून एकही सामना न खेळलेला हा माणूस त्या मुलींच्या मध्ये उभा होता.

रोजीचाही विचार करावा लागतो. आज रणजी खेळणाऱ्याला, तो अनकॅप्ड असला तरी, खेळलेल्या सामन्यांच्या संख्येप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मानधन मिळते. एक सामना चार दिवसांचा. म्हणजे रणजीपर्यंत पोचणारा उपाशी राहत नाही. पण रणजीपर्यंत पोचणे हीच मुळात लांबची वाट आहे.

घड्याळ आणि माणूस

आपल्याच जिल्ह्यातला आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सगळ्यांना माहीत आहे. गरीब शेतकरी घर, शाळेला रोजची कितीतरी किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर तो सैन्यात भरती झाला, सियाचीनला राहिला. धावणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते नोकरी लागल्यानंतर. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

धावण्यात निवड घड्याळ करते. इतक्या मिनिटांत पोचला तर आत, नाही तर बाहेर. सांघिक खेळात माणूस निवडतो. त्याच्यासमोर अकरा जागा असतात आणि तो तुमच्या मुलाशिवाय आणखी शंभर मुलांना बघत असतो. त्याच्या मनात काय आहे, संघाला डावखुरा हवा की उजवा, हे तुमच्या हातात नाही. म्हणून अशा खेळात मुलाला घालताना घराने आपला पाया आधी पक्का करावा. अविनाशच्या पायाखाली सैन्याची नोकरी होती.

मुलींच्या अम्मी-अब्बूंसाठीही एक ओळ. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्या केज तालुक्यातली. खेळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फक्त मुलगा आणि फक्त क्रिकेट येते, ही सवय मोडली पाहिजे.

पालकांनी काय पाहावे?

पंधरा दिवसांत मी जे गोळा केले, त्यातले कामाचे एवढेच:

एक, टेनिस बॉलचा खेळ आणि लेदर बॉलचा खेळ वेगळा. रानात षटकार मारणारा मुलगा लेदर बॉलवर वर्षभर टिकतो का, हे जवळच्या गावात पाहा. त्याआधी पुणे-मुंबई नको.

दोन, वाट जिल्ह्यातूनच जाते. बीड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या हद्दीत येतो. मुंबई आणि विदर्भाच्या संघटना वेगळ्या. जिल्ह्याचा संघ, मग राज्याचा १६ वर्षांखालील संघ आणि विजय मर्चंट करंडक, मग १९ वर्षांखालील संघ आणि कूचबिहार करंडक, मग २३ वर्षांखालील, मग रणजी. अकादमी शिकवू शकते, संघात घेऊ शकत नाही.

तीन, 'इतके द्या, सिलेक्शन करून देतो' म्हणणारा माणूस ठग समजावा.

चार, शाळा सोडू नये. शासनमान्य स्पर्धांत ठरलेल्या पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, सैन्यातही खेळाडूंची भरती होते. पण या सगळ्यासाठी शिक्षणाचा कागद लागतो. स्पर्धेचे प्रत्येक प्रमाणपत्र फाईलला लावून ठेवा.

पाच, एका लेकराच्या स्वप्नाचा खर्च दुसऱ्या लेकराच्या ताटातून काढू नका.

१ जून

हे सगळे मी त्या घरात बसून सांगितले. वडील बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी त्यांनी मुलीकडे पाहिले आणि म्हणाले, "तेरे पैसे तेरेच हैं बेटा." जुलैत तिचे अंबाजोगाईला फार्मसीला नाव घातले. मुलगा दर रविवारी एसटीने परळीला लेदर बॉलच्या सरावाला जाऊ लागला. वडिलांनी गॅरेजच्या मागे सिमेंटची अर्धी पट्टी ओतली आणि भोवती शेडनेटचे जुने कापड बांधले. मला वाटले, प्रश्न सुटला.

खरा प्रश्न पुढे आला. निवड चाचणीच्या फॉर्मला जन्मदाखला हवा होता. शाळेच्या रजिस्टरात मुलाची जन्मतारीख १ जून. माझ्या शिक्षक वाचकांना हसू येईल. खेड्यातल्या शाळेत निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला असतो! पहिलीत नाव घालायला येताना कागद नसला की गुरुजी जूनची पहिली तारीख लिहून टाकत. मुलाच्या बहिणीने ग्रामपंचायतीतून खरा दाखला काढला. खरी तारीख दहा महिने आधीची निघाली. ती लावली तर मुलगा एका वयोगटातून वर जाणार आणि त्याच्या हातातले एक वर्ष जाणार.

वडील म्हणाले, "रहने दो ना मॅडम. सबके ऐसेच रहते."

खोटे वय पकडले गेले तर भारतीय क्रिकेट मंडळ दोन वर्षांची बंदी घालते, १६ वर्षांखालच्या मुलांच्या हाडांची तपासणी होते, हे मी सांगणारच होते. पण त्या आधी मुलाची आई चहाचे कप खाली ठेवत म्हणाली, "झूठ पे खेलेगा तो बरकत कां से आती?" मग कोणी काही बोलले नाही. मुलगा कोपऱ्यात ग्लोव्ह्जची पट्टी लावत-काढत बसला होता. त्याने मान वर करून मला विचारले, "मॅडम, शाळेतली तारीख बदलायला कुठला अर्ज लागतो?"

अर्ज मीच लिहून दिला. दहावीच्या आधी ही दुरुस्ती सोपी असते, नंतर फार हेलपाटे पडतात. ज्यांच्या घरात १ जूनचे मूल आहे, त्यांनी खेळासाठी नाही तरी यासाठी यंदाच शाळेत जावे.

नव्या तारखेने मुलगा चाचणीला गेला. त्याच्यापेक्षा थोराड, जास्त खेळलेल्या मुलांमध्ये त्याला फलंदाजीला दोन षटके मिळाली. यादी लागली, त्यात त्याचे नाव नव्हते. दोन दिवस तो शाळेत कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुन्हा मैदानावर होता.

परवा त्या घरी गेले होते. बहीण सुट्टीवर आलेली. मागच्या सिमेंटच्या पट्टीवर ती ओढणी कमरेला खोचून भावाला बॉल टाकत होती आणि तो पुढे पाय टाकून एकेक बॉल जमिनीलगत परत पाठवत होता. वडील गिऱ्हाइकाची गाडी सोडून दारात उभे. मी विचारले, "काय भाई, इंडिया खेलता?"

ते हसले. "पहले जिल्हा खेलने दो मॅडम," म्हणाले, आणि पाना घेऊन पुन्हा गाडीखाली वाकले.